रमजानची पळी

३ जुलै १९८१

आज चांद दिसला, आणि पळी माझ्या हातात आली.

नीट लिहून ठेवतो, नाहीतर उद्या मलाच खोटं वाटंल. दस्तगीर उस्ताद म्हणजे शहागंजच्या मागच्या गल्लीतले नान-खलियावाले. बकऱ्याच्या मटणाचा रस्सा, म्हणजे खलिया, त्यांच्यासारखा औरंगाबादेत कोणाला जमत नाही, असं गिऱ्हाईक म्हणतं. रमजानात उस्तादचा रोजा असतो. दिवसभर पाण्याचा थेंब नाही. मग देगेतला, त्या मोठ्या हंड्यातला, खलिया चाखायचा कोणी? ज्याचा रोजा नाही त्यानं. म्हणून त्यांच्या भटारखान्यात चाखायला एक हिंदू माणूस ठेवायची जुनी पद्धत आहे. आजवर रामकिसनकाका होते. ते आता पोराकडं जालन्याला गेले.

उस्ताद सगळ्यांसमोर म्हणाले, "सांडू, ये रमजान में चखने का काम तेरा. जबान सच्ची रखना, बस. ईद के बाद तेरेकू मसाला सिखाता."

मसाला ते कोणाला शिकवत नाहीत. बन्सी नान-रोटीची कणीक मळतो, माझ्याच खोलीत राहतो. तो म्हणाला, "सांड्या लेका, मी इथं पीठ मळून मळून म्हातारा व्हायलो, अन् तुला आल्या आल्या पळी?"

आमच्या गावात, सोयगावच्या पलीकडं, सगळे म्हणतात सांडू कुठंच टिकत नाही. खरं आहे. जिनिंग सोडली, गॅरेज सोडलं, छावणीतल्या लाँड्रीत मालकाशी भांडून निघालो. एका जागी बसलं की जीव घुसमटतो. पण हे सोडणार नाही. आईला सांगून आलोय.

ही डायरी किराणावाल्यानं उस्तादला भेट दिलेली. त्यांना मराठी लिहिता येत नाही म्हणून माझ्याकडं टाकली. चौथीत शाळा सुटली तरी अक्षर बरं आहे माझं.

५ जुलै

सकाळी डोकं ओल्या पोत्यासारखं. रोजचंच आहे. आडवा झालो की छातीवर कोणी बसल्यासारखं होतं, म्हणून मी भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपतो. बन्सी म्हणतो, "तू झोपतो का लाकडं कापतो?"

भागूमावशी पाट्यावर मसाला वाटते. तिनं नुसतं "चहा घेतो का रे?" विचारलं आणि मी खेकसलो. का, ते मलाही कळलं नाही. मागाहून वाईट वाटलं, पण बोलायला गेलो नाही. स्वभावच आहे माझा. आई म्हणते बाप पण असाच होता.

जेवताना मी भिंतीकडं तोंड करून बसतो. त्यावरून हसतात सगळे. तोंडात घास असला की श्वास घ्यायला जागाच राहत नाही. एक तर चावायचं, नाहीतर श्वास घ्यायचा. सगळ्यांचं असंच होत असंल, बाकीच्यांना ते लपवायला जमतं एवढंच.

९ जुलै

चाखायचं काम फक्कड चाललंय. रोज दिवस कलताना उस्ताद हाक मारतात. मी पळीभर रस फुंकून घेतो आणि सांगतो. मीठ आहे, तिखट आहे, आंबट जरा कमी. ते आणखी विचारतात, "खुशबू?" मी म्हणतो, "बरोबर हाय उस्ताद."

हे खुशबूचं प्रकरण मला कधीच नीट कळलं नाही. लोक म्हणतात मोगऱ्याचा वास आला, अत्तराचा आला. म्हणायची पद्धत असंल. देवळातून आल्यावर माणूस 'लई बरं वाटलं' म्हणतो तसं. मीही म्हणतो.

१४ जुलै

पळी गेली.

छावणीतल्या एका मोठ्या घरी इफ्तारची दावत होती. पूर्ण देग तिथंच जाणार होती. मी चाखलं. मीठ बरोबर, तिखट बरोबर. उस्तादनं "खुशबू?" विचारलं. मी म्हणालो बरोबर. देग झाकण लावून हातगाडीवर चढवली आणि मी बन्सीबरोबर पोचवायला गेलो.

तिथल्या म्हाताऱ्या साहेबांनी खजूर खाऊन रोजा सोडला, नान-रोटीचा तुकडा रसात बुडवला, तोंडात घातला आणि तसाच हातावर काढला. म्हणाले, "इसमें साबुन पड़ गया क्या?" मग बाकीच्यांनीही हात मागं घेतले. दिवसभर उपाशी असलेली माणसं, आणि ताटं तशीच पुढं सारली. देग झाकून परत आणली. गल्लीतून येताना हातगाडीची चाकं एवढी वाजत होती की वाटलं सगळ्या शहराला कळतंय.

खोबरं खवट निघालं म्हणे; दुपारी मावशी घरी गेलेली असताना उस्तादनीच कुटून घातलेलं. बन्सीनं बोट बुडवून चाटलं आणि मोरीकडं पळाला. भागूमावशीनं पदर तोंडाला लावला. मी पुन्हा चाखलं, पुन्हा चाखलं. मला काहीच लागलं नाही! देवाशपथ. मग मला वाटलं, हे सगळे मिळून ठरवून करतायत. मी ओरडलो, "तुमाला माझी पळी बघवत नाय!"

उस्ताद ओरडले नाहीत. पळी माझ्या हातातून घेतली, धुतली, खुंटीला टांगली. "जबान सच्ची रखने बोला था मैं," एवढंच म्हणाले.

एक गोष्ट मात्र डोक्यात राहिली. चाखल्यानं रोजा मोडतो, वास घेतल्यानं मोडत नाही. उस्ताद दुपारभर त्या देगेला चिकटून बसले होते. एवढा खवट वास मारत होता तर त्यांना का नाही कळलं? बन्सीला हे विचारलं तर त्यानं कणकेची परात पुढं ओढली. म्हणाला, "तुझं तू बघ."

१५ जुलै

पिशवी भरली होती. पुण्याला जाणार होतो. दारात भागूमावशी आडवी उभी.

"पळायला लई शिकलास. डोळे मीट."

"मावशी, बाजूला व्हा."

"मीट म्हनते ना मुडद्या!"

मिटले. नाकापुढं काहीतरी धरलं तिनं. "काय हाय?"

"काय न्हाई. हवा."

बन्सी एवढ्यानं हसला. "आरं हिंग हाय ते! हिंगाचा आख्खा खडा!" मला वाटलं थट्टा करतोय. डोळे उघडून बघितलं तर खरंच हिंग.

मावशी हसली नाही. तिनं माझ्या तोंडात बडीशेप टाकली. "नाक दाबून चाव. आता नाक सोड. काय फरक?" मी म्हणालो, काय फरक असायचा? मग तिनं बन्सीला तेच करायला लावलं. त्यानं नाक दाबून चावली, म्हणाला, "भुसा खातोय जनू." नाक सोडलं आणि त्याचं तोंडच बदललं. "आयला, आत्ता आली बडीशेप!" मग त्याला चेवच चढला. जिरं, धने, वेलदोडा, मिळंल ते तोंडात टाकायचं, नाक दाबायचं आणि सोडायचं. भट्टीवरचा बद्रीनाथही आला. सगळा भटारखाना नाक धरून उभा, आणि मी मधे, माझंच नाक दाबतोय आणि सोडतोय. काही नाही. दाबलं तरी तेच, सोडलं तरी तेच.

तेवढ्यात उस्ताद आले. "क्या तमाशा है ये?" सगळ्यांनी पटकन नाकं सोडली. मावशीनं सांगितलं काय ते. बन्सी चेष्टेत म्हणाला, "उस्ताद, तुम्ही पन बघा की." उस्तादनं तोंड फिरवलं. "मेरा रोजा है." बडीशेप चावायची असते म्हणून असंल. पण हिंगाचा खडा पुढं केला तर तोही हातानं बाजूला सारला.

मग माझ्याकडं बघितलं. कालचा राग नव्हता त्यात. "पिशवी रख दे. परसों घाटी चलते."

१७ जुलै

घाटीच्या दवाखान्यात कान-नाक-घशाच्या रांगेत उस्ताद सकाळपासून माझ्याबरोबर बसले. रोज्यात. मी म्हणालो तुम्ही जा, तर म्हणाले, "नक्को."

डॉक्टरीणबाई माझ्यापेक्षा थोडीच मोठी असंल. कपाळावर आरसा बांधून नाकात बघितलं आणि "अरे बापरे" म्हणाली. लहानपणी काही लागलं होतं का? मी सांगितलं, गाडी जुपताना बैलानं मान झटकली आणि जू तोंडावर बसलं. रक्त आलं, हळद भरली, झालं. ती म्हणाली, मधला पडदा मोडून एका बाजूला गेलाय आणि दुसऱ्या बाजूला द्राक्षांच्या घोसासारखं मांस वाढलंय. "तू श्वास घेतोस तरी कुठून?"

मग तिनं विचारलेलं लिहून ठेवतो. मी हादरलो. सकाळी उठल्यावर डोकं जड असतं का? बारीकसारीक गोष्टीवर राग येतो का? एका कामात मन टिकतं का? शाळेत लक्ष लागायचं का? चारचौघांत जेवायची लाज वाटते का? लोक आपल्यावरच बोलतायत असं वाटतं का? अडकल्यासारखं, पळून जावंसं वाटतं का?

मी विचारलं, "बाई, तुमाला कोनी सांगितलं हे सगळं?"

ती म्हणाली, "तुझ्या नाकानं. वर्षानुवर्षं ज्याला धड श्वास नाही आणि धड झोप नाही, तो माणूस चिडणारच. त्याला सगळं जग अंगावर आल्यासारखंच वाटतं."

शाळेत गुरुजी मला तोंड उघडा मारुती म्हणायचे. सगळा वर्ग हसायचा. मलाही वाटायचं आपण मुळातच मंद. आज त्या खुर्चीवर बसून मला एकदम रडू आलं, आणि नाक चोंदलेल्या माणसाला रडणं पण जमत नाही नीट. गुदमरतो.

निघताना उस्तादनं बाईला हळूच काहीतरी विचारलं. तिनं त्यांच्याही नाकात बघितलं. "चुलीपुढं किती वर्षं?" उस्ताद हसले, "पैदाइश से." तिनं नुसती मान हलवली. त्यांना काही लिहून दिलं नाही, म्हणजे त्यांचं नाक ठणठणीत असणार. येताना मात्र रिक्षात सारखे नाक चोळत होते.

११ ऑगस्ट

ईद होऊन गेली. उद्या ऑपरेशन.

आई आलीय सोयगावच्या गाडीनं. वॉर्डात पलंगापाशी खाली बसून राहिलीय. "नाकच कापलं तर गावात काय सांगू?" म्हणते. तिला समजावता समजावता मीच घाबरलो. बाईनं सांगितलंय, नंतर दोन्ही बाजूंनी नाक बोळ्यांनी गच्च भरतील. म्हणजे आत्ता जो थोडा श्वास आहे तोही बंद. दारापर्यंत जाऊन आलो. जिन्याच्या पायरीवर उस्ताद बसलेले. मला बघून म्हणाले, "मालूम था. इसलिए यहाँ बैठा."

परत येऊन पडलो.

१४ ऑगस्ट

हातोडीचे ठोके कानात ऐकले. दुखलं नाही, नुसता आवाज. नंतरचं मात्र लिहवत नाही. तोंड कोरडं, ओठ फुटलेले, आई चमच्यानं पाणी टिपत होती. पळून जायला पायच नव्हते म्हणून राहिलो.

आज बोळे काढले. बाई पट्टी ओढते ती संपेच ना. जत्रेतला जादूगार तोंडातून रुमाल काढतो तशी. मग म्हणाली, "तोंड मीट. नाकानं घे."

घेतला.

थंड होता. हवा थंड असते हे मला माहीत होतं, पण ती नाकातून अशी थेट कपाळात जाते, छातीत उतरते आणि माणूस फुगतो, हे कोणी सांगितलंच नव्हतं. मी पुन्हा घेतला. पुन्हा घेतला. बाई म्हणाली, "पुरे आता, चक्कर येईल." मी थांबलो नाही. आईला म्हणालो, "आये, हे सगळ्यांना फुकट मिळतं व्हय गं?"

१९ ऑगस्ट

आडवा झोपलो! पाठीवर, पाय पसरून, सकाळपर्यंत. बन्सी घाबरून दोनदा हलवायला आला, जिवंत आहे का बघायला. घोरणं नाही तर त्यालाच झोप येईना.

आणि वास. पहिला आला तो फिनेलचा, दवाखान्यातच. मला वाटलं डोक्याला काहीतरी झालं. मग भागूमावशी डबा घेऊन आली तर तिच्या हातांना लसूण. मी तिचा हात धरून हुंगत बसलो. "सोड मेल्या, लोक बघतेत," म्हणाली, आणि रडायला लागली.

वाईटही लई आहेत वास. खाम नदीच्या पुलावरून येताना कळलं लोक नाकाला रुमाल का लावतात. बन्सीचे मोजे मी खोलीबाहेर फेकले. तो म्हणाला, "आधीचा सांड्या बरा होता."

आईनं तिची गोधडी माझ्याकडं ठेवलीय. तोंडावर घेतली तर करडीचं तेल, धूर, आणि एक कसला तरी वास, ज्याला नाव नाही. पण मला तो माहीत होता. जू लागायच्या आधीपासून माहीत होता.

२ सप्टेंबर

आज पुन्हा चिडलो. बद्रीनाथवर, पाण्याच्या बादलीवरून. म्हणजे सगळाच दोष नाकाचा नव्हता, थोडा माझाही आहे. पण या वेळी संध्याकाळी जाऊन त्याला चहा पाजला. आधी हे सुचायचंच नाही.

उस्ताद मसाला शिकवतात. पळी दिली नाही. "वो रमजान की चीज है." शिकवायची तऱ्हा अजब आहे. माझे डोळे बांधतात, एक एक जिन्नस नाकापुढं धरतात. मी नाव सांगितलं की "कैसी है? बता. पूरा बता," म्हणतात. मी सांगतो, जायपत्री गोड आहे पण मागून टोचते. दगडफूल म्हणजे ओली भिंत. लवंग डोळ्यात जाते. आज पट्टी जरा सरकली होती. बघितलं तर उस्ताद स्वतःचे डोळे मिटून ऐकत होते, रेडिओ ऐकतात तसे. परीक्षा कडक आहे त्यांची.

२३ जून १९८२

चांद दिसला. उस्तादनं खुंटीवरची पळी काढली, धुतली, पुसली. मला वाटलं रामकिसनकाकांना बोलावणं धाडलं असंल. माझ्या हातात दिली.

"जबान सच्ची रखना," मीच म्हणालो. सगळे हसले. उस्ताद पण.

६ जुलै

मनासारखं लिहायला आज ही पानं पुरायची नाहीत.

छावणीच्या त्याच घरची ऑर्डर. गेल्या सालानंतर पहिल्यांदा. उस्ताद सकाळपासून कोणाशी नीट बोलत नव्हते. दिवस कलायला आला, देगेत खलिया रटरटत होता, उस्ताद शेजारीच पाटावर. मी अंगणात नानच्या रोट्यांना गूळ-हळदीचं पिवळं पाणी लावत होतो. एकदम नाकात काहीतरी आलं. बारीक. अंगणातल्या भट्टीचा धूर, ओली माती, मसाला, या सगळ्यांच्या खालून. जळकं.

मी आत धावलो. "उस्ताद, तळाला धरायलंय!"

"कुछ नई हुआ."

"धरायलंय उस्ताद. आत्ताच लागायलंय. लाकडं काढतो."

"हात नक्को लगा!" उस्ताद उठून उभे राहिले. सगळा भटारखाना थांबला. "मैं यहाँ बैठा हूँ. मेरेकू नई मालूम होता क्या?"

गेल्या साली याच जागी मी घाबरून 'बरोबर' म्हणालो होतो. पण वास खोटा नव्हता, माझ्या नाकात उभा होता. मी म्हणालो, "माफ करा. बरोबर न्हाई," आणि पेटती लाकडं ओढून बाहेर काढली.

उस्तादनं हात उगारला. मारतील असं वाटलं. मग त्यांनी भागूमावशीकडं बघितलं. ती पाट्यावरून उठून देगेशी आली होती, पदर नाकाजवळ. तिनं डोळ्यानं 'व्हय' केलं. उस्तादचा हात खाली आला. म्हातारे दिसले एकदम.

"दूसरी देग लाओ. हिलाना मत. तला मत छूना."

वरचा वरचा रस हलक्या हातानं दुसऱ्या देगेत काढला. पळीनं चाखला. नुसता चाखला नाही, तोंडात धरून नाकानं श्वास सोडला, तसं मी शिकलोय. खोबरं, शेंगदाणा, खसखस, जायपत्री, बकऱ्याची चरबी. जळकं कुठंच नाही. "बरोबर हाय उस्ताद. खुशबू पन बरोबर हाय." जुन्या देगेचा तळ खरवडला तर काळा थर.

छावणीत देग घेऊन मी स्वतः गेलो. म्हाताऱ्या साहेबांनी रोजा सोडला, घास घेतला. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होतो. त्यांनी दुसरा घास घेतला. मग तिसरा. मग मान वर न करताच म्हणाले, "दस्तगीर को बोलो, पुराना हाथ वापस आ गया."

येताना रिकामी देग हातगाडीवर नगाऱ्यासारखी वाजत होती. बन्सीनं तर तिच्यावर ठेकाच धरला. गल्लीच्या तोंडाशी उस्ताद उभे होते. निरोप सांगितला. त्यांनी माझं डोकं धरलं आणि कपाळाला कपाळ टेकवलं.

२४ जुलै

काल ईद झाली. शीरखुर्मा खाल्ला, सगळ्यांबरोबर एका दस्तरखानावर बसून, तोंड मिटून, सावकाश चावून. भिंतीकडं पाठ होती माझी. भागूमावशी म्हणाली, "कसा राजासारखा जेवतो बघा."

आज धंदा पुन्हा सुरू. रोजे संपले म्हणून सकाळीच मी पळी धुतली आणि खुंटीला लावायला गेलो.

"वहाँ कायकू टांगता?" उस्ताद म्हणाले. त्यांच्या एका हातात चहाचा कप, दुसऱ्यात बिस्किट. "चख."

"उस्ताद, रमजान संपला की. आता तुमी चाखा."

"हौ. मालूम है." ते चुलीकडं बघत राहिले. "तू चख."

मला काही उमजेना. मी मावशीकडं बघितलं. ती वाटता वाटता म्हणाली, "विचारत नको बसू. सांगितलं ते कर." तिचे डोळे भरले होते. कांदा नव्हता आज.

एवढा मान उस्तादनं आजवर कोणाला दिला नाही. रामकिसनकाकांनाही ईद झाली की पळी ठेवावी लागायची. आता आईला लिहितो, सांडू टिकला म्हणावं.

मी पळी बुडवली, फुंकली, तोंडात धरली.

"खुशबू?"

"सांगतो," मी म्हणालो. उस्तादनं कप खाली ठेवला आणि डोळे मिटून घेतले. आणि मी सांगायला लागलो. आधी खोबरं येतंय उस्ताद, खरपूस, चुलीजवळचं. त्याच्या मागून जायपत्री…